लहान फिकट पेशी

पहिल्या दहा क्षेत्रांत मिळून अकरा प्लेटलेट्स होत्या. पहिल्यात दोन, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात एक, चौथ्यात पुन्हा दोन, पाचव्यात एक. सहाव्या आणि सातव्या क्षेत्रात नुसत्या तांबड्या पेशी पसरलेल्या, मधली जागा स्वच्छ. आठव्यात एकदम तीन दिसल्या तेव्हा निशिगंधाचा हात क्षणभर थांबला, कारण तीन म्हणजे पुष्कळ वाटल्या. मग नवव्यात एक, दहाव्यात एक. धडधाकट माणसाच्या रक्तात तेलाच्या भिंगाखालच्या अशा एकाच गोल चकतीत दहा-पंधरा तरी सापडतात. जांभळट, कणीदार, कुणी रांगोळीची चिमूट चुकून सोडावी तशा. तिने सरासरी काढली, पंधरा हजारांनी गुणली. साडेसोळा हजार. शेजारच्या यंत्राने त्याच नळीतल्या रक्ताचा आकडा तेवीस हजार दिला होता आणि त्याच्यापुढे एक चांदणी छापली होती. यंत्राला खात्री नसली की ते चांदणी छापतं. रक्त तिच्या आईचं होतं.

हे तिला ठाऊक होतं, सकाळी वॉर्डात जाऊन तिनेच ते काढलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, त्यावर लॅबचा डिप्लोमा, आणि रत्नागिरीतल्या या खाजगी रुग्णालयाच्या लॅबमधलं हे तिचं दुसरं वर्ष. एवढ्या काळात तिच्या हाताला एक सवय लागली होती. दंडाला पट्टा बांधला की माणसाचा चेहरा मागे जायचा आणि कोपराच्या खोबणीतली शीर तेवढी पुढे यायची. आईच्या बाबतीतही तसंच झालं. तिला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि आश्चर्य वाटतंय हेही तिने नोंदल्यासारखं बघितलं. आधीच्या सुयांच्या जागी दंडावर निळे डाग पडले होते, पट्टा बांधला तिथे तांबूस ठिपक्यांची ओळ उमटली होती. आईचे डोळे पिवळे, आणि त्या पिवळ्यात लाल. गळ्यात काविळीची माळ.

"पुन्हा?" आई म्हणाली होती. "काल नेलंस ते संपलं?"

"रोज ताजं लागतं."

"मासळीसारखं," आई बाजूला बसलेल्या बाबांना म्हणाली. "शिळं हिच्या यंत्राला चालत नाय."

बाबा, काशीराम, मुंबईत एका छापखान्यात बाइंडर होते. वर्षातून दोनदा गावी येत, गणपतीला आणि मे महिन्यात. या वेळी मधेच आले होते. मुंबईहून येतानाची प्लास्टिकची पिशवी अजून त्यांच्या मांडीवर होती, जणू ती खाली ठेवली तर राहायला आल्यासारखं होईल. मग डॉक्टर आले. तरुण होते, सगळं सरळ सांगत. लघवी कमी होतेय, किडनीवर सूज आहे. डायलिसिस लागेल असं दिसतंय. त्यासाठी मानेच्या शिरेत जाड नळी घालावी लागते, आणि प्लेटलेट्स कमी असतील तर नळी घालताना रक्त थांबत नाही. "आज वीस हजारांच्या वर राहिल्या तर इथेच बघू. खाली गेल्या तर कोल्हापूर. मी तिथे बोलून ठेवलंय." ते गेल्यावर आई बराच वेळ पंख्याकडे बघत होती. माळ देणाऱ्या बाबल्याकाकांनी पथ्य सांगितलं होतं: तेल नाही, हळद नाही, मासळी नाही, आणि माळ अंगावर आहे तोवर घाट ओलांडायचा नाही. घाट ओलांडला की उतरलेली कावीळ पुन्हा वर चढते. "वीस म्हणाले ना?" आई शेवटी म्हणाली. "वीसच्या वर असलं तर मी हितनं हलायची नाय. खाली असलं तर तू म्हणशील तिकडं. पण बाय, खरं सांगायचं. मन राखायला काय पण सांगू नको."

आणि आता वीसच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा होता.

यंत्राचा आकडा खोटा म्हणता आला नसता. तो कागदावर छापून आला होता, चांदणी छोटी होती, आणि चांदण्या रोजच येतात. तेवीस हजार लिहून खाली सही केली असती तर कुणी तिला विचारलं नसतं. असा विचार मनात आला तेव्हा निशिगंधाला तो बाहेरून आल्यासारखा वाटला, समोरच्या बाकावरून कुणी बोलावं तसा. तिने काचपट्टी सरकवून रक्ताच्या पसाऱ्याचं शेपूट भिंगाखाली घेतलं. कधी कधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, पुंजके करून शेपटाकडे वाहत जातात, आणि मग मधे मोजणाऱ्याला वाटतं की त्या नाहीतच. पुंजके सापडले असते तर खरा आकडा वीसच काय, चाळीसच्याही वर जाऊ शकला असता. ती शेपटाच्या कडेने कडेने गेली. पांढऱ्या पेशी होत्या, भरपूर होत्या. बहुतेक एकाच जातीच्या, पोटात कणांची गर्दी झालेल्या, आणि त्यांच्यात वाकड्या काठीसारख्या केंद्राच्या कोवळ्या पेशी, घाईने बाहेर ढकललेल्या. अठरा हजारांच्या आसपास. डेंग्यूत या उलट कमी होतात. याच पेशी बघून डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच, दुसरा कुठलाही पुरावा हातात नसताना, लेप्टोचं इंजेक्शन सुरू केलं होतं. पुंजका मात्र एकही नव्हता. तिने पसाऱ्याच्या तिन्ही कडा बघितल्या. आपण शोधत नसून मागत आहोत, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने भिंगावरून डोळा काढला.

खिडकीबाहेर पाऊस एका लयीत पडत होता. आता तिकडे खालच्या मळीची भातलावणी राहिली असेल. पालीच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की त्यांची वाडी. तिथे लावणीला माणसं लावत नाहीत, बायकाच एकमेकींच्या शेतात जातात, आज हिच्या तर उद्या तिच्या. निशिगंधा लहान असताना बांधावर बसून तरव्याच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या मोजायची. आई वाकलेली असायची, आणि तिच्या कमरेखालचं शरीर चिखलाचंच असल्यासारखं दिसायचं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून फाटायची. रात्री आई त्यांना तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उभी राहायची, ज्या पाण्यात बैल मुतत आणि बिळं बुडालेले उंदीर पोहत. पदवीच्या दुसऱ्या वर्षी पडद्यावर लेप्टोच्या जंतूचं, लेप्टोस्पायराचं चित्र आलं, बारीक, दोन्ही टोकांना आकडी असलेलं मळसूत्र, आणि सरांनी 'कातडीच्या भेगांतून' असं म्हटलं, तेव्हा वर्गात तिला एकटीला तेलाचा आणि हळदीचा वास आला होता. त्यानंतर दर पावसाळ्यात ती घरी फोन करून लेप्टो टाळायच्या गोळीची आठवण करून द्यायची. आशाताई आठवड्याला एक गोळी वाटते, ती घे. आशाताई सोमवारी यायची. सोमवारी आईचा उपास. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका असं आशाताईच सांगायची. मंगळवारी गोळी डबीत असायची आणि आई मळीत.

ताप आला तेव्हा आईने फोनवर सांगितलं होतं की पोटऱ्या ठणकतायत, हात लावू देत नाहीत. निशिगंधाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुस्तकात हेच लक्षण पहिलं लिहिलेलं असतं. पण लावणीच्या दिवसांत तिच्या वाडीत पोटऱ्या दुखत नाहीत अशी बाईच नाही. तिथे ते लक्षण नसतं, ऋतू असतो. पुस्तक लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं, आणि तिला दोन्ही माहीत होतं. रविवारी ती घरी गेली, ओसरीवर आईचं रक्त काढलं, लॅबमध्ये आणून लेप्टोची पट्टी लावली. पट्टीवर एकच रेघ उमटली. रोगाविरुद्धचे पदार्थ रक्तात दिसायला आठवडा लागतो, एवढ्या लवकर पट्टी काहीच सांगू शकत नाही, हे तिने फोनवर बाबांना समजावून सांगितलं होतं. वाक्य असं होतं: "निगेटिव्ह आलीय, पण याचा अर्थ लेप्टो नाही असा नाही, परत करावी लागेल." छापखान्यातल्या यंत्राच्या आवाजात बाबांपर्यंत त्यातला पहिला शब्द पोचला. त्यांनी तो गावी कळवला, रात्रीची गाडी धरली, आणि गावी उतरले तोवर आईचे डोळे पिवळे झाले होते. लेप्टो नाही म्हणजे मग कावीळच. कावीळ म्हणजे माळ. त्यात विचार करण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. माळ बांधूनही ताप हटेना तेव्हा आईला इथे आणून दाखल केलं.

माळ तिने नीट बघितली होती. कसल्यातरी वेलाच्या देठांचे, नखाएवढे तुकडे, कच्च्या सुतात गाठी मारून ओवलेले. बांधली त्या दिवशी ती गळ्याच्या खळगीला टेकत होती. देठ वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, आणि माळ लांबते. ती बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. आई रोज पलंगावर पडल्या पडल्या बोटांनी मोजायची. "काल हितं होती. आज बघ, दोन बोटं खाली." निशिगंधा त्याच वेळी कागदावरचं बिलिरुबिन, काविळीचा आकडा, बघत असायची, आणि ते दोन बोटं वर गेलेलं असायचं. माळेवर आईचा जेवढा विश्वास होता तेवढा आपला तपासणीच्या नळीवर आहे का, हा प्रश्न तिला पडला होता. आहे, असं उत्तर आलं. पण प्रश्न पडला होता.

"अजून तीच काच?" समीक्षा आत आली. लॅबमधल्या दोघींपैकी मोठी, सात वर्षांची जुनी. हातात चहाचे दोन कप. "त्या काचेला भोक पाडशील तू. यंत्र काय म्हणतं?"

"तेवीस."

"आणि तू?"

"साडेसोळा."

समीक्षाने कप ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते तिने चहाच्या वाफेत घालवलं. "मी मोजू का?" ती म्हणाली. "आपल्या माणसाचं आपण मोजू नये. माझ्या सासऱ्यांची साखर मी नेहमी दहा कमीच वाचते."

"तू मुद्दाम कमी वाचतेस."

"मुद्दाम कशाला? म्हातारा गोड खातो, मला काय," समीक्षा म्हणाली, आणि स्टुलावर बसून भिंगात डोकावली. निशिगंधा तिच्या ओठांकडे बघत राहिली. समीक्षा मोजताना ओठ हलवते. एक. एक. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. "या तांबड्या पेशी बघितल्यास?" समीक्षा तशीच वाकून म्हणाली. "किती बारीक आहेत."

तिने बघितल्या नव्हत्या. म्हणजे डोळ्यांनी बघितल्या होत्या, पण प्लेटलेट्स मोजणारा तांबड्या पेशींकडे बघत नाही, गर्दीत ओळखीचा चेहरा शोधणारा गर्दीकडे बघत नाही तसा. समीक्षा उठली आणि ती बसली. आता तिला फक्त त्याच दिसल्या. लहान, फिकट, मधे पोकळ. नुसत्या कडेचा रंग उरलेल्या. काही तर इतक्या लहान की एखाद्या मोठ्या प्लेटलेटएवढ्या. यंत्र पेशीचा रंग बघत नाही, फक्त आकार बघतं. ठरावीक मापाखालचं जे काही छिद्रातून गेलं ते प्लेटलेटच्या खात्यात टाकतं. या लहान तांबड्या पेशी यंत्राने प्लेटलेट्स म्हणून मोजल्या होत्या. तेवीसातले वरचे सहा-साडेसहा हजार तिथून आले होते. आणि या पेशी लेप्टोने केलेल्या नव्हत्या. त्यांना वर्षं लागतात. त्या निशिगंधाच्या जन्माआधीपासून तशाच तयार होत आल्या असणार. सगळ्यांची पानं झाल्यावर चुलीपुढे बसून आई जे उरेल ते खायची, त्या जेवणाच्या पेशी. शाळेत मुलींना लोहाच्या गोळ्या मिळायच्या, तशाच सरकारी गोळ्या आईलाही मिळाल्या होत्या. त्यांनी पोट काळं पडतं म्हणून आईने त्या परड्यातल्या मिरवेलीच्या मुळाशी पुरल्या. मिरवेल त्या वर्षी माडाच्या शेंड्यापर्यंत गेली. हे सांगताना आई दर वेळी हसायची, आणि दर वेळी निशिगंधाही हसायची.

ती आता हसली नाही, रडलीही नाही. तिला एक स्वच्छ, कोरडी जागा आपल्या आत पसरत असल्यासारखी वाटली, सहाव्या-सातव्या क्षेत्रांसारखी. तेवीस लिहिलं तर आई इथे राहील. तिची माळ तिच्या गळ्यात राहील, बाबा पिशवी खाली ठेवतील, आणि पावसात घाट चढायला नको. संध्याकाळी ती आईजवळ नुसती मुलगी होऊन बसू शकेल. हे सगळं त्या एका आकड्यात होतं. साडेसोळात काय होतं ते तिला माहीत नव्हतं.

"मला पंधरा येतायत," समीक्षा मागून हळू म्हणाली. "तू म्हणशील ते लिही, मी सही करते."

निशिगंधाने यंत्राचा आकडा खोडला, बाजूला 'काचपट्टीवरून' असं लिहिलं, आणि सोळा हजार पाचशे लिहिले.

आईने आकडा ऐकला तेव्हा डोळे मिटलेले होते. "वीसच्या खाली," ती म्हणाली. मग, "यंत्र पण तेच म्हणालं?"

इथे हो म्हणता आलं असतं. "यंत्र तेवीस म्हणालं," निशिगंधा म्हणाली. "यंत्र चुकलं. मी मोजल्या."

बाबा पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. "यंत्र चुकतं आणि हिची नजर चुकत नाय," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "तेवीस आलंय तर तेवीस धरा की. घाटात दरडी येतायत."

"तुम्ही गप्प ऱ्हावा वाईच," आई म्हणाली. "मी सांगितलं होतं खरं सांग म्हणून. तिनं सांगितलं."

रुग्णवाहिका पोर्चमध्ये लागली तेव्हा प्लेटलेट्सची पिवळी पिशवी आईच्या हाताला आधीच जोडलेली होती. सोबत एकाच माणसाला जागा, आणि बाबा चढले. निशिगंधा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जाणार होती. दार लावायच्या आधी आईने मोकळा हात गळ्याशी नेला. कच्चं सूत तोडायचं नाही म्हणून ती माळ डोक्यावरून काढायला लागली; ती अर्ध्यात अंबाड्याला अडकली, निशिगंधाने हलक्या हाताने सोडवली. "घाट मला ओलांडायचाय, माळेला नाय," आई म्हणाली. दम लागत होता, पण तिचा चेहरा एखादी पळवाट सापडल्यासारखा झाला होता. "तू ठेव. खुंटीला लाव, जमिनीवर ठेवू नको. ती हितंच उतरेल. मी तिकडं बघते काय ते."

गाडी गेली. निशिगंधाच्या हातात माळ ओलसर होती, घामाची आणि स्पिरिटची. ती लॅबमध्ये आली, स्टीलची पट्टी काढली, माळ दुहेरी धरून न ताणता तिच्यावर ठेवली. एकतीस सेंटिमीटर. मग तिने ती एप्रनच्या खुंटीला टांगली. शीतकपाटातल्या सकाळच्या रक्ताचा सीरम घेऊन लेप्टोची नवी पट्टी लावली आणि समोर बसून राहिली. पहिली रेघ लगेच आली. दुसरी खूप वेळाने, पेन्सिलीने हळूच ओढल्यासारखी.

त्याच रात्री आंबा घाटात दरड आली. आईची गाडी दरडीच्या आधीच वर पोचली होती. रस्ता बंद झाला, एसटी लांबच्या घाटाने जायला लागली, आणि तीही भरवशाची नव्हती. लॅबमध्ये तापाच्या नळ्यांची रांग होती. निशिगंधा मांडवीतल्या आपल्या खोलीतून सकाळी यायची, खुंटीवर एप्रनच्या जागी माळ असल्याने एप्रन खुर्चीवर टाकायची, आणि दुसऱ्यांच्या आयांचं रक्त मोजायची. बाबांचा फोन सकाळी येई. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की नळी घातली, रक्त फार गेलं नाही. तिने विचारलं, लघवी किती झाली? "झाली," ते म्हणाले. बायकोची लघवी या विषयावर ते मुलीशी कधी बोलले नव्हते. "किती मिलिलिटर, बाबा? पिशवीवर रेघा असतात." दुसऱ्या दिवशी ते दबक्या आवाजात म्हणाले, "दीडशे. वर थोडी. एकशे साठ धर." तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. पाचव्या दिवशी आवाज दबका नव्हता: "सहाशे चाळीस, मी सिस्टरच्या आधी बघितलं, ती सहाशे म्हणत होती." निशिगंधा दर वेळी म्हणायची, "बरं." रात्री मात्र खोलीवर समुद्राचा आवाज ऐकताना तिला ती लहान फिकट कडा दिसायची, मधे पोकळ, आणि वाटायचं की त्या पोकळीत आपण आहोत, आपण ज्या पेशींतून आलो त्याही तशाच असणार. हा विचार शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा होता. तरी तो यायचा.

डायलिसिस दोनदा झालं, तिसऱ्यांदा लागलं नाही. त्यानंतर एका सकाळी बाबांनी कागद वाचून दाखवला: लघवी अठराशे, प्लेटलेट्स एक लाख बारा हजार. "यंत्राचं आहे हे," ते म्हणाले. "काचेवर पण बघायला सांगू का?" तिने नको म्हटलं. मग फोनमध्ये खरखर झाली, कुणीतरी तो हातातून घेतला.

"बाय," आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिचाच. "जेवलीस?"

"अजून नाही. तू?"

"पेज दिली. मीठ नाय की काय नाय. माणसाला बरं करतात की छळतात." मग ती म्हणाली, "माळ कुठं आहे?"

"खुंटीला."

"कुठवर आली? मोजून सांग. मन राखायला काय पण सांगू नको."

निशिगंधाने फोन टेबलावर उघडा ठेवला. माळ खुंटीवरून काढली. देठ आता वाळून काळपट, हलके झाले होते, मधलं सूत दिसत होतं. तिने स्टीलची पट्टी पुसली, माळ दुहेरी धरून, न ताणता, तिच्यावर ठेवली आणि वाकून दोन्ही टोकं बघितली.

"अठ्ठेचाळीस सेंटिमीटर," तिने सांगितलं. "तू गेलीस तेव्हा एकतीस होती."